साखराबाईचा टाक

आमच्या धनगरांत घरची बाई वारली की तिचा टाक करतात. चांदीच्या पातळ पत्र्यावर बाईचं रूप उठवायचं आणि ते देवघरात ठेवायचं. टाक होईपर्यंत बाई घराबाहेरच, असं जुनी माणसं सांगायची. माझी साखराबाई गेली, आणि तिचा टाक अजून व्हायचा होता.

तिच्या बटव्यात एक चांदीचं नाणं होतं. आमचा अंगद पुण्याला कंपनीत आहे. ग्रीक लोकांच्या जुन्या देवांची नाणी जमवायचा त्याला नाद. त्यातलं एक त्यानं आईला दिलं होतं. त्यावर खांद्यावर मेंढरू घेतलेला देव होता, अंगावर चिंधी नाही. ते बघून तिला हसता हसता ठसका लागला.

"अवो, हे तर तुमीच की! धोतर कुठं टाकून आलात?"

तेव्हापासून त्या नाण्याला तिनं कुणाला हात लावू दिला नाही.

त्याचाच टाक करायचा, असं मी ठरवलं. अंगदला घेऊन वडवणीला विश्वेश्वर सोनाराकडे गेलो. त्यानं नाणं उलटंपालटं करून बघितलं.

"आप्पाराव, चांदी चोख हाय. पण अशी चीज मोडू नका. दुसऱ्या चांदीचा देतो की करून."

"दुसरी चांदी तिला कशाला? ही तिची हाय."

अंगदचा चेहरा उतरला. "आप्पा, मी आईला दिलेली ही एकच वस्तू हाय. नका ना मोडू."

त्याचंही खरं होतं. मी सोनाराकडून नाणं घेऊन अंगदच्या हातावर ठेवलं.

"ह्यो देव करतो काय रं?"

"मेंढरं राखतो. वाटसरूला संभाळतो. अन् माणूस मेलं की त्याला पल्याड पोचवून येतो."

"तुझ्या आईला पोचवलं असंल?"

त्यानं मान खाली घातली. "असंल."

"मग त्याचं काम झालं. आता तिला घरी आणू."

पोरगं बराच वेळ नाण्यावर अंगठा फिरवत राहिलं. मग त्यानंच ते सोनाराच्या हातावर ठेवलं.

मुशीत नाणं लाल झालं, कडा ढासळल्या, देव आणि मेंढरू एक झाले. सोनारानं पत्रा ठोकून ठशावर बसवला. टाकावरची बाई काही साखराबाईसारखी दिसत नव्हती. टाकावर सगळ्या बाया सारख्याच दिसतात. कुंकू तेवढं मी माझ्या बोटानं लावलं.

परतीच्या एसटीत अंगद खिडकीपाशी बसायला निघाला.

"तिथं मला बसू दे," मी म्हणालो. टाक मी हातातच धरला होता. "तुझ्या आईला गाडी लागती."