जावयाची लाथ

सासूला लाथ कशी मारायची याची तालीम जावई अकरा दिवस घरी करत होता, आणि तीही सासूच्याच हुकमावरून. असं भाग्य सगळ्याच सासवांच्या वाट्याला येत नाही.

सासू म्हणजे मावशी. सिनेमाचा दिग्दर्शक तिच्या धाकट्या बहिणीचा मुलगा. तो मावशी म्हणायचा, म्हणून अख्खं युनिट मावशी म्हणायचं. वय वर्षं बावन्न. त्यातली एकोणीस वर्षं तिने दुसऱ्यांच्या कपड्यांत उड्या मारण्यात घालवली होती. नायिका गच्चीवरून पडायची तेव्हा पडायची मावशी, आणि नायिका उठून केस सावरायची तेव्हा मावशी कोपऱ्यात गुडघ्याला बर्फ लावून बसलेली असायची. कॅमेऱ्याला तोंड दाखवायचं नाही हा या धंद्याचा पहिला नियम, आणि तो तिने इमानेइतबारे पाळला. मारामारी बसवायचे मात्र नेहमी दुसरेच. यंदा पहिल्यांदाच भाचा म्हणाला होता, "मावशी, शेवटची फाईट तूच बसव." चौदा चाली, साडेचार मिनिटं, मध्ये एकही कट नाही. ती तिने आंघोळ करताना बसवली, कणीक मळताना बसवली, आणि एकदा तर बँकेच्या रांगेत एक पाय हवेत ठेवून बसवली.

सिनेमा म्हणजे नसती उठाठेव होती. कपडे धुण्याचा एक बंद पडलेला कारखाना, आणि त्यात माणसाएवढ्या उंचीची, गोल काचेच्या दारांची यंत्रं. भाच्याने त्यांना प्रयोगशाळा म्हणायचं ठरवलं. त्या काचेमागे शास्त्रज्ञांनी वाढवलेला एक प्राणी. त्याला जो मारतो, त्याची मारण्याची विद्या तो तिथल्या तिथे शिकतो आणि उलट त्याच्यावरच चालवतो. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात, पण भाच्याने अंथरूणच कापून त्याचा राक्षस केला होता. चार गाद्यांचा फोम, वर काळं रबर आणि आत मावशी.

आज शेवटचा दिवस होता. सहा वाजता नव्या मालकाचा माणूस किल्ल्या घ्यायला येणार होता. तोपर्यंत फाईट झाली नाही तर काय करायचं हे भाच्याने ठरवून ठेवलं होतं. दिवे घालवायचे, अंधारात दोन किंकाळ्या टाकायच्या आणि सिनेमा संपवायचा.

"अंधारात काय, कुणीही लढतं," मावशी म्हणाली होती, आणि त्या दिवशी जेवली नव्हती.

मूळ नायक पंधरवड्यापूर्वीच मोठा सिनेमा मिळाला म्हणून पसार झाला. त्याचा चंदेरी पोशाख नेमका बसला तो मावशीच्या जावयाला, जो चष्म्याच्या दुकानात लोकांच्या नाकावर फ्रेम बसवायचा. शांत, मऊ, दार लावतानाही आवाज न करणारा माणूस. त्याला दुकानातून सुट्टी आजचीच मिळाली, म्हणून मावशीने घरी मोबाईल कपाटावर टेकवून नायकाच्या चौदाही चाली स्वतः करून दाखवल्या आणि व्हिडिओ पाठवला. पाय चौकटीत येतात की नाही हे दिसावं म्हणून तिने पुढचा, स्वतःकडे बघायचा कॅमेरा लावला होता.

घोळ तिथेच झाला, आणि तो कळला दुपारी एक वाजता. मावशी रबरात शिरून उभी राहिली, जावई धावत आला आणि त्याची लाथ भलत्याच बाजूने येऊन तिच्या कानामागे बसली. त्या कॅमेऱ्याने सगळं आरशासारखं उलटं करून ठेवलं होतं. उजवं ते डावं, डावं ते उजवं. बिचाऱ्याने अकरा दिवस अगदी मन लावून, एकही चाल न चुकता, सगळी फाईट उलटी पाठ केली होती.

"आई, माफ करा," तो हात जोडून म्हणाला.

"तुम्ही कसली माफी मागता? अक्कल माझी गहाण पडली होती," मावशी रबराच्या आतून म्हणाली.

पाच वाजेपर्यंत त्याला सुलटं शिकवून पाहिलं. पाय ऐकेनात. चौथ्या चालीला त्याच्या स्वतःच्याच पायात पाय अडकला आणि तो यंत्रावर आदळला.

"चित्रच उलटं छापू की," भाचा म्हणाला.

रंगारी ताडकन उठला. मागच्या भिंतीवर धोक्याच्या सूचना, यंत्रांचे आकडे, नायकाच्या छातीवरचा बिल्ला, सगळं त्याने नऊ दिवस खपून रंगवलं होतं. "त्याने लाथ काही जागेवर येणार नाही, आणि ती अक्षरं काय लोकांनी आरशात बघून वाचायची?"

राहता राहिली मावशी. तिने तिची बाजू उलटी करायची. तिला ते अवघड नव्हतं, एकोणीस वर्षं तिने दोन्ही अंगांनी घाम गाळला होता. अडचण वेगळीच होती. राक्षसाच्या डोक्याला बघायला भोक एकच, डाव्या डोळ्यापाशी. उजव्या डोळ्यात लाल दिवा होता, आणि त्याच्या तारा रबरात पक्क्या चिकटवलेल्या. म्हणून तर तिने नायकाला डावीकडून आणला होता. आता तो उजवीकडून येणार, म्हणजे तिला दिसणारच नाही.

भाचा तिच्या शेजारी बसला. "मावशी, राहू दे. दिवे घालवू. तुला काही झालं तर आई मला घरात घेणार नाही."

मावशीला रडू आलं. पण डोकं चढवलेलं असल्यामुळे ते कुणाला दिसलं नाही, आणि नाक पुसता येत नसल्यामुळे तिला ते लवकर आवरावं लागलं. मग ती म्हणाली, "मला दिसायची गरज नाही. ऐकू आलं तरी पुरे. जावईबापू, प्रत्येक वाराच्या आधी पोटातून ओरडायचं. शिकवलंय मी तुम्हाला. आवाज जिथून येईल तिकडे मी वळेन."

जावई ओरडला. उचकी लागल्यासारखं वाटलं.

"घरी बाळ झोपलेलं असायचं," तो म्हणाला. "आवाज न काढता केलं सगळं. आणि तुमच्यावर कसं ओरडू?"

"आठ वर्षं झाली लग्नाला. माझा एकदाही राग आला नाही?"

"छे."

"खरं सांगा."

जावयाने छातीवरचा बिल्ला सारखा केला. "साखरपुड्याला तुम्ही तुमच्या बहिणीला म्हणालात, मुलगा बरा आहे, पण मुळमुळीत आहे. मी मागेच उभा होतो."

मावशीचे कान रबरात तापले.

"म्हणाले होते," ती म्हणाली. "मग द्या की उत्तर."

आणि जावई ओरडला. पत्र्याच्या छपराने तो आवाज घेतला, यंत्रांच्या पोलादी पोटांनी तो घुमवला, आणि रंगाऱ्याच्या हातून डबा पडला. आठ वर्षं साठलेलं होतं, थोडंथोडकं नव्हे.

"कॅमेरा!" भाचा किंचाळला.

पहिला आवाज उजवीकडून आला. मावशी वळली, हात वर गेला आणि वार बरोबर मनगटावर बसला. दुसरा खालून आला, तिने पाय उचलला. तिसऱ्यापासून तिने मोजणं सोडून दिलं. रबरात घाम गळ्यापर्यंत आला होता, श्वासाला फोमचा वास होता, डोळ्यापुढे नुसता काळोख होता, आणि तरी तिला सगळं कळत होतं. तो ओरडायचा आणि ती तिथे असायची. त्याची लाथ आली की तीच लाथ ती त्याला परत द्यायची, त्याच उंचीची, त्याच वेगाची. बाहेरून बघणाऱ्यांना वाटत होतं की ते जनावर खरोखरच शिकतंय. आपण बावन्न वर्षांची आहोत, गुडघा दुखतो, हे ती साफ विसरली. इतकी खूश ती आयुष्यात कधी झाली नव्हती.

तेरा चाली झाल्या. चौदाव्या वेळी आवाज आला नाही.

मावशी तशीच उभी. शेवटची लाथ छातीवर, जोरात, आणि तिने मागे उडून गाद्यांवर पडायचं. जावई समोर कुठेतरी धापा टाकत होता आणि त्याचा पाय उठत नव्हता. कितीही झालं तरी सासू. मावशीने छाती भरून घेतली आणि राक्षसाची डरकाळी फोडली, आणि त्या डरकाळीत शब्द कोंबला, "हाणा!"

जावयाने हाणली. मावशी दोन हात मागे उडाली, भाच्याने यंत्रांमागून सोडलेल्या खोट्या वाफेत नाहीशी झाली आणि मेली. भाच्याने लिहिलं होतं त्याहून कितीतरी चांगली मेली.

"कट!"

"आई! लागलं का?" जावई तिच्या अंगावर जवळजवळ कोसळलाच. दोघांनी मिळून रबराचं डोकं उपसलं. मावशी लालबुंद होऊन हसत होती.

"लागलं ना. बरगडीत लागलं. मुळमुळीत माणसाची लाथ अशी नसते हो, जावईबापू. मी शब्द मागे घेते."

जावयाने चंदेरी बाहीने डोळे पुसले. छोट्या पडद्यावर सगळ्यांनी फाईट पाहिली, एकदा, दोनदा, मग पुन्हा. मावशी पुतळ्यासारखी बसून बघत होती. साडेचार मिनिटं, एकही कट नाही, चौदाच्या चौदा चाली तिच्या.

"मावशी, तुझं तोंड काही दिसत नाही गं यात," भाचा हळूच म्हणाला.

"तोंडाला काय बघायचंय? फाईट बघ."

तेवढ्यात रंगाऱ्याचं लक्ष घड्याळाकडे गेलं. साडेसहा! किल्ल्या न्यायला अजून कुणीच आलं नव्हतं. राक्षसाचं डोकं काखेत मारून मावशीने दार उघडलं. फाटकाबाहेर, रस्त्याच्या पलीकडे, नव्या मालकाचा माणूस दोन्ही हातांनी छत्री धरून उभा होता. वेळेआधीच आलेला तो आतल्या आरोळ्या ऐकून पाऊण तास तिथेच थबकला होता, आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"बाई," तो तिथूनच ओरडला, "आत कोण होतं?"

मावशीने दुखरी बरगडी धरली, ताठ उभी राहिली आणि सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मी!"