ग्रानसुंडचं तिकीट

तिकीट हातात आल्याशिवाय परदेशाची गोष्ट कुणाला सांगायची नाही, ही आमच्या वसईकडची रीत. नजर लागते म्हणे. रविवार न चुकवता चर्चमध्ये मिसाला जाणारी माणसं आम्ही, पण नजरेला टरकतो. म्हणून माझ्या नवऱ्याने, केल्विनने, कतारच्या अल खोरमधली अकरा वर्षांची नोकरी सोडताना ऑफिसात सांगितलं, "आई आजारी आहे, गावी चाललो."

खरं तर आम्ही निघालो होतो नॉर्वेतल्या ग्रानसुंडला. वस्ती साडेतीन हजार. नगरपालिकेची वेबसाइट केल्विनला तोंडपाठ. आधी तांब्याची खाण होती. ती संपल्यावर हेरिंग मासळीचे कारखाने आले. मासळी आटली, आणि आता सगळं गाव एका धातूच्या भट्टीवर जगतं. केल्विनची नवी नोकरी तिथलीच. हिवाळ्यात दोन महिने सूर्य उगवत नाही, म्हणून गावाने दीडशे वर्षं ब्रास बँड पोसलाय. खाण बंद पडली त्या दिवशीही तो वाजला होता. वसईच्या लग्नांत ट्रम्पेट वाजवणारा केल्विन तिथेच भाळला.

"या गावाचं दर खेपेला काहीतरी बंदच पडतं रे," मी म्हणाले.

"शुभ बोल नाऱ्या!" तो हसला.

शुक्रवारी तिकिटं आली. त्याच दुपारी त्याच्या ऑफिसातला दोस्त फिलिप जेवायला आला आणि केल्विनने अखेर गुपित फोडलं.

फिलिपचा घास हातातच राहिला. "ग्रानसुंड? ती भट्टी जूनमध्ये बंद होतेय! मलाही ऑफर होती. माझा चुलतभाऊ तिथेच आहे, तो म्हणाला येऊ नकोस. काल नोटिसा लागल्या."

केल्विनने तिथे फोन लावला. भट्टीच्या ऑफिसातल्या बाईने दिलगिरी व्यक्त केली. ऑफर रद्द झाल्याचा मेल आजच येणार होता.

"मला आधी का नाही बोललास?" केल्विन ओरडला.

"तू तर गावी निघालेलास ना, आईसाठी?"

मला दोघांचाही संताप आला. पण रडून भागणार नव्हतं. "शुक्रवार-शनिवारची सुट्टी संपून रविवारी ऑफिस उघडलं की मॅनेजरला भेट," मी केल्विनला म्हणाले. "राजीनामा मागे घे. फिलिप, तूही शब्द टाक."

फिलिप ताटावरून उठला. आमच्याकडे न बघता म्हणाला, "जोआना, ती जागा भरली. माझं कॉन्ट्रॅक्ट संपत होतं. काल त्या जागेसाठी मीच सही केली."