पाच मिनिटांचं कुपन

"मावशी, साखर-तेल कुपनात धरत नाहीत, माहितीये ना?"

"म्हायती हाय पोरी. ते सोडून पाचशे बारा झालं. बघ तू."

काउंटरवरच्या प्रगतीने स्क्रीनवर पाहिलं. पाचशे बाराच. जव्हारच्या या मोठ्या किराणा दुकानाचे नियम सकूला दुकानवाल्यांपेक्षा पक्के पाठ होते. कुपन पाचशेच्या वरच्या खरेदीवर, महिन्याला एकच, एका मोबाइल नंबरवर एकच, आणि त्या नंबरवर आलेला आकडा पाच मिनिटांत सांगायचा, नाहीतर तो बाद. सवलत पन्नास रुपये. त्यातले निम्म्याहून जास्त मोखाड्याहून यायच्या-जायच्या एसटीतच जायचे. शेजारची काळी तिची टर उडवायची, "सकू, तुजा हिशोब काय माला समजंना बाय."

अंगणवाडीत अठ्ठावीस वर्षं पोरांना मोजून खिचडी वाढलेल्या बाईला हिशोब शिकवायला निघाली होती काळी! अगं, दुकानाच्या कार्डावर नंबर तुषारचा होता ना. एकुलता एक मुलगा, वापीला कंपनीत. गणपतीत आला तेव्हा त्यानेच कार्ड काढून दिलं होतं. एरवी तिने फोन केला की, "आई, कामात हाय, नंतर करतो." ते नंतर काही उजाडायचं नाही. पण आईचे पन्नास रुपये बुडतील या धास्तीने कुपनाच्या दिवशी तो फोन हमखास उचलायचा.

मग सकूला पेन सापडायचं नाही, मध्येच चष्मा पुसावा लागायचा. एकदा तर वेळ संपली आणि दुसरा आकडा मागवावा लागला. तो महिना तिला फार बरा गेला.

आज तिने फोन लावला.

"हां आई, लिही. चार, शून्य..."

"थांब रं. जेवलास का? औंदा नागली चांगली झाली. पीठ धाडू का कुनासंगं?"

"नको गं, इथं भाकरी कोण थापणार? त्या काउंटरवाल्या ताईला फोन दे जरा."

प्रगती नुसती "हो, हो" करत ऐकत राहिली. मग तिने स्क्रीनवर काहीतरी बदललं आणि फोन परत दिला. तुषारने पलीकडून तो ठेवून दिला होता.

"मुलगा गुणी आहे हो तुमचा! म्हणाला, माझ्यापायी आईला ताटकळावं लागतं. कार्डावर तुमचाच नंबर घालायला सांगितला. आता त्याला विचारायला नको."

सकूने पेन पिशवीत टाकलं. रागवायचं तरी कुणावर? दोघांनीही तिचं भलंच केलं होतं.

तिच्या हातातला फोन वाजला. चार आकडे आले होते.

"सांगा मावशी."

सकूने आकडा सांगितला नाही. तिने पुन्हा तुषारला फोन लावला. घंटी वाजून वाजून थांबली. तिने परत लावला. मागे रांग वाढत होती.

"गेला आकडा, मावशी," प्रगती हळहळली. "दुसरा मागवू?"

"मागव," सकू म्हणाली. घंटी अजून वाजत होती, म्हणून फोन कानाशी तसाच धरून ती उभी राहिली.