सत्यवतीच्या नावाची साक्ष

कमळाकर मास्तर प्रार्थनेला उभे राहिले की सत्यवती डोळे मिटून गालातल्या गालात हसायची. मास्तर चर्चच्या मंडळीचे वडील, म्हणजे पुढारी. ज्याच्याशी त्यांचं वाकडं, त्याची खबर ते प्रार्थनेतून देवाच्या कानावर घालत. 'हे प्रभू, आमच्यातले काही बंधू सिनेमाला जातात, त्यांना सुबुद्धी दे.' सगळ्यांचे डोळे मिटलेले, आणि प्रार्थना चालू असताना मध्ये बोलायचं नाही हा रिवाज. ज्याच्यावर घाव पडला त्यानेही शेवटी मुकाट्याने 'आमेन' म्हणायचं. घरी येताना सत्यवती नवऱ्याला म्हणायची, "अहो, देवाला आपलं आपण काही कळत नाही वाटतं? मास्तरांना दर रविवारी वर्दी द्यावी लागते."

आता ती नव्हती. तिचा नवरा बळीराम पनवेलात बैलगाडीची चाकं बनवायचा. तिची शवपेटी त्यानेच केली, आणि त्यानंतर रंधा हातात घेतला नाही. चाकांचे आरे कापून ठेवलेले होते, ते तसेच भिंतीला टेकून राहिले.

सत्तावन्न सालची निवडणूक तोंडावर आली होती. मास्तर कारखान्याच्या दारात येऊन उभे राहिले.

"बळीराम, सत्यवतीबाईंना जाऊन महिना होतोय, त्याची उपासना तुझ्या घरी करू. उमेदवारसाहेब येणार आहेत."

"ते कशाला? तिला कुठे ओळखत होते ते?"

"आता ओळखतील. अरे, मान आहे हा! शिवाय कबरस्तानाला भिंत घालून देतो म्हणालेत."

भिंतीचं नाव निघालं तसा बळीराम नरमला. कबरस्तान उघडं होतं. सत्यवतीच्या कबरीवरून म्हशी जायच्या. परवा त्याने स्वतःच्या हाताने शेण काढलं होतं. आणि खरं सांगायचं तर मास्तरांचं राजकारण त्याला परकं नव्हतं. लाल बावट्याची माणसं देव मानत नाहीत. त्यांचं राज्य आलं तर चर्चला कुलूप लागेल, हे त्यालाही वाटायचं. मत तो मास्तर सांगतील तिथेच देणार होता.

"या घेऊन," तो म्हणाला.

उपासनेच्या दिवशी घर भरलं. साहेबांना खुर्ची दिली. त्यांनी हार आणला होता, पण घालायला फोटो नव्हता. सत्यवतीने आयुष्यात फोटो काढला नव्हता. साहेबांनी इकडेतिकडे पाहून हार खुर्चीच्या पाठीला अडकवला.

मागाहून जनी आली. शेजारची कोळीण. सत्यवतीच्या पोटात गाठ झाली तेव्हापासून तिचं सगळं जनीने केलं. अंग पुसलं, घाण काढली, पेज भरवली. जनीचा नवरा विठू लाल बावट्याच्या मिरवणुकीत पुढे असायचा, हे सगळ्या पनवेलला ठाऊक.

"बाहेरच्यांनी ओट्यावर बसावं," मास्तर म्हणाले.

"बसते. आयकू येतंय ना, बस झालं," जनी म्हणाली आणि दाराला टेकून बसली.

गीत झालं. मास्तर बोलायला उठले. दहा मिनिटं ते घटस्फोटावर, सिनेमावर, नास्तिकांवर बोलले. ते बळीरामला पाठ होतं. मग मास्तरांनी आवाज खाली आणला.

"आपली भगिनी जाण्याच्या आदल्या दिवशी मी तिच्या उशाशी होतो. तिने माझा हात धरला. म्हणाली, 'मास्तर, आपल्यातला एकही माणूस लाल बावट्याकडे जाऊ देऊ नका. त्या लोकांची सावलीसुद्धा घरात नको.' हे तिचे शेवटचे शब्द. ही तिची साक्ष!"

बायकांनी पदर डोळ्यांना लावले. साहेबांनी मान हलवली.

बळीरामच्या तोंडात सडका बोंबील गेल्यासारखं झालं. मास्तर आदल्या दिवशी आले होते, हे खरं. उंबऱ्यापर्यंत. खोलीत वास येत होता म्हणून नाकाला अत्तराचा रुमाल लावून उभे होते. रुमालातूनच दोन ओळी प्रार्थना पुटपुटले आणि गेले. तिने डोळेही उघडले नव्हते. जनी तेव्हा बाजारात होती.

म्हणूनच जनीला ते खरं वाटलं. ती ओट्यावर उठून उभी राहिली. तिचा चेहरा काळवंडला होता.

"मंग माज्या हातची पेज कशाला पीत व्हती?" ती कुणालाच न बघता म्हणाली. "नाय पटत तं तोंडावर सांगायचं व्हतं."

पायरी उतरायला तिने पदर खोचला. ही आता गेली तर पुन्हा या दारात येणार नाही, हे बळीरामला दिसलं. सत्यवतीचं नाव तिच्या तोंडी येईल ते थुंकण्यापुरतं.

"चहाआधी घरधन्याने आभाराची प्रार्थना करावी," मास्तर म्हणाले. सगळ्यांनी डोळे मिटले. साहेबांनी इतरांकडे पाहून मिटले.

बळीराम उभा राहिला. त्याने आजवर चार माणसांत प्रार्थना केली नव्हती.

"देवा," तो म्हणाला आणि अडकला. मग त्याचा आवाज मोठा झाला. ओट्यापर्यंत जाईल इतका. "देवा, त्या शेवटच्या रात्री तू तिथे होतास. मी होतो. जनी कोपऱ्यात झोपली होती. तीन दिवस तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. सत्यवतीला श्वास पुरेना. मी म्हटलं, जनीला उठवतो. ती म्हणाली, 'नको हो. दमलीय बिचारी. झोपू दे तिला.' त्यानंतर ती बोलली नाही. देवा, मी जनीला उठवलं नाही आणि नंतर का ते सांगितलंही नाही. माझ्या तोंडून निघत नव्हतं. मास्तर उंबऱ्याच्या आत आले नव्हते, तेही तुला ठाऊक आहे. चहाबद्दल तुझे आभार. आमेन."

"आमेन," सगळे म्हणाले. सवयीने. मास्तरही म्हणाले आणि मग त्यांच्या लक्षात आलं.

जनी पायरीवरच खाली बसली. "मेलीनं," ती रडत म्हणाली, "तवा तरी उठवायचं व्हतं ना मला!"

कपबशा वाजू लागल्या. जो तो चहात बघत होता. साहेबांनी घड्याळ पाहिलं. मास्तर बळीरामच्या कानाशी आले.

"प्रार्थनेत असं बोलतात? लाज नाही वाटत?"

"तुमच्याकडूनच शिकलो, मास्तर."

बोलला खरा, पण बोलताच त्याला स्वतःचीही किळस आली. देवाच्या आडून बोलायचं ते त्यालाही जमलं होतं. मास्तर शंकरपाळे चहात बुडवून खात होते. सत्यवती असती तर शंकरपाळे तिने केले असते.

त्या रविवारी तो चर्चमध्ये गेला. मास्तर प्रार्थनेला उभे राहिले. "हे प्रभू, दुःखाने ज्यांची मती फिरली आहे, जे अन्य लोकांच्या नादी लागले आहेत..."

इतक्या वर्षांत बळीरामने प्रार्थनेत कधी डोळे उघडले नव्हते. आज उघडले. पाहतो तो मास्तरांचे डोळे टक्क उघडे. तोंडाने प्रभूला हाक मारत होते आणि कोण कसं ऐकतंय ते एकेक चेहरा न्याहाळून पाहत होते. दोघांची नजर मिळाली. मास्तर थांबले नाहीत. त्यांनी अलगद डोळे मिटले आणि आवाज चढवला.

बळीराम आमेनची वाट न पाहता उठला. बाहेर येऊन थुंकला. कारखाना उघडला, भिंतीला टेकवलेले आरे हातगाडीत टाकले आणि कबरस्तानात गेला. भिंत आता येणार नव्हती. त्याने एकेक आरा सत्यवतीच्या कबरीभोवती कुंपणासारखा ठोकायला घेतला.

संध्याकाळी जनी मासळीची रिकामी टोपली घेऊन त्या वाटेने आली. बघत उभी राहिली.

"दादा, चाकाचं लाकूड हाय नं हे?"

"हो."

"मंग चाक बी लाव एक. वयनी जाईल कुठं लांब, ह्या लोकांपासून."

तो हसला नाही. "तो पलीकडचा आरा दे," म्हणाला. तिने टोपली खाली ठेवली आणि दिला.