सत्तावीस नंबरची खाट

रुग्णालयाच्या प्रतीक्षागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. हातगुणवाले काका आले होते. त्यांनी कपाळावर तळहात टेकवला की रक्तातल्या प्लेटलेट्स दिवसभरात वीसपट होतात, अशी बोलवा होती. लोकांच्या हातात रुग्णालयाच्याच शिक्क्याचे रिपोर्ट होते: सकाळी अकरा हजार, संध्याकाळी अडीच लाख. औषधं रक्ताला झोपवतात, हात त्याला उठवतो, असं काका सांगत होते. रक्त म्हणजे जणू उशिरापर्यंत लोळणारं कार्टं.

नुकतीच परीक्षा पास होऊन लॅबमध्ये शिकायला आलेली एक तरुणी दारातून पाहत होती. तिला हसूच आलं असतं, पण चौथ्या खाटेवरच्या मुलीचा बाप त्या गर्दीत होता. मुलीच्या प्लेटलेट्स तळाला गेल्या होत्या आणि उपचार थांबवून तिला काकांच्या हवाली करायचं त्याने ठरवलं होतं.

ती तडक लॅबमध्ये गेली आणि बाद नमुन्यांची वही काढून बसली. काकांचे आजवरचे सातही चमत्कार तिथे होते, प्रत्येकापुढे एकच शेरा: ‘नमुन्यात गुठळी, पुन्हा रक्त घ्यावे.’ पहिल्याच दिवशी लॅबच्या मुख्य बाईंनी तिला शिकवलं होतं, की जांभळ्या झाकणाची नळी रक्त घेतल्यावर आठदा हलकेच उलटीपालटी करायची. नाहीतर आतलं, रक्त गोठू न देणारं औषध मिसळत नाही, गुठळी होते, प्लेटलेट्स तिच्यात अडकतात आणि मशीन उरलेल्याच मोजतं. दुसऱ्यांदा रक्त नीट घेतलं की खरा आकडा येतो. मशीनचा पहिला कच्चा आकडा नोंदणीच्या खिडकीवर दिसायचा, आणि तो छापून देणारा माणूस काकांचा सख्खा मेव्हणा होता. कमी आकडा दिसला की काकांना तोच कळवत असणार.

बाईंनी ऐकून घेतलं. हे चारचौघांत आलं तर नाक आपलंच कापलं जाईल, नमुने आपल्याच माणसांनी बिघडवलेत, असं त्या म्हणाल्या.

“आपण झाकतो म्हणूनच त्याचं फावतं, बाई. नाक जाऊ दे. पोरगी जायला नको.”

बाईंनी एक रिकामी नळी तिच्यापुढे ठेवली. मग त्यांनी बाही वर सरकवली. “घे माझं. आणि नळी हलवू नकोस.”

तिने नमुन्यावर खाटेचा नंबर लिहिला, सत्तावीस.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी डोळे मिटले, मान डोलावली आणि सत्तावीस नंबरच्या खाटेचं रक्त बारा हजारांवर आल्याचं जाहीर केलं. नातेवाइकांनी पुढे यावं म्हणाले. कुणीच हललं नाही.

“ते रक्त आमच्या बाईंचं आहे,” ती पुढे येऊन म्हणाली. “वॉर्डात खाटा चोवीसच आहेत, काका.”

तिने नळीत काडी घालून काळपट गुठळी बाहेर काढली, सगळ्यांना दाखवली आणि आकडा कसा पडतो ते समजावलं. शेजारी बाई धडधाकट उभ्या होत्या. त्यांच्या दुसऱ्या नमुन्याचा आकडा दोन लाख चाळीस हजार आला होता, कुणाचाही हात न लागता. संशयाने इथली हवा बिघडली, असं पुटपुटत काका चपला शोधू लागले. खिडकीवरचा मेव्हणा केव्हाच पसार झाला होता.

मुलीचा बाप तिच्यापाशी आला. “मग आमच्या पोरीचाही आकडा खोटाच असेल ना?”

याच प्रश्नाची तिला भीती होती. “नाही, दादा. तिचं रक्त मी स्वतः काचेवर पसरून मायक्रोस्कोपखाली पाहिलंय. गुठळी नाही. प्लेटलेट्स खरंच कमी आहेत. औषध हवंय, आणि आजच.”

त्याने खिशातून पेन काढलं. मग उपचारांच्या कागदावर सही कुठे करायची, एवढंच त्याने विचारलं.

गर्दी अजून रेंगाळत होती. ती त्यांच्याकडे वळली. “आम्ही चुकतो, आणि चुकलो की पुन्हा तपासतो. जो म्हणतो मी कधीच चुकत नाही, त्याला प्रश्न विचारा. आपलं माणूस त्याच्या हाती देण्याआधी विचारा.”