बिनसहीचा वाडगा

चित्रकारांची भिंतभर तैलचित्रं साऱ्या जगाला ठाऊक होती. त्यांतलं कुणाला काही कळत नसे ही गोष्ट वेगळी. जलरंग आणि मातीची भांडी मात्र घरातच राहिली. तैलरंगात मिसळायच्या टर्पेंटाइनच्या वासाने काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, खोकल्याची उबळ येई. म्हणून थंडीत खिडक्या बंद झाल्या की ते स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद ओले करून बसत. मागच्या शेडमध्ये मातीचं चाक होतं, त्यावर दोघंही आळीपाळीने बसत. भट्टी एकच, त्यामुळे भांडीही एकत्रच भाजली जात. सही कुणीच करत नसे. भरलेलं ताट उलटं करून नाव कोण वाचतंय, असं काकूच म्हणायच्या.

आज संग्रहालयाच्या मॅडम चित्रकारांचं हेच कुणी न पाहिलेलं काम प्रदर्शनासाठी न्यायला आल्या होत्या. जलरंग निवडून झाले. मग फळीवरची चार भांडी त्यांनी पटापट बाजूला काढली आणि एक फिकट वाडगा उचलला. त्याची झिलई एका अंगाने ओघळून बुडाच्या जरा वर थांबली होती. मॅडमनी तो उजेडात धरून सावकाश फिरवला.

"सर, हा मधोमध ठेवू. बाकी सगळं याच्याभोवती."

वाडगा काकूंचा होता. त्या झिलईपायी त्यांनी अख्खा हिवाळा घालवला होता. आता तोंड उघडलं तर तो परत फळीवर जाणार, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. गप्प राहिलं तर काचेआड बसेल, अनोळखी माणसं त्याच्यापुढे थांबतील. नाव नवऱ्याचं लागेल. लागू दे, आडनाव तरी आपलंच आहे, अशी मनाची समजूत घालून त्या मूग गिळून बसल्या. पोरीला परगावी शिकायला धाडताना होतं, तसं त्यांना होत होतं.

वाडगा कागदात गुंडाळून खोक्यात ठेवला गेला. तेवढ्यात चित्रकारांनी चष्मा काढून पुसला.

"एक सांगायचं राहिलं. तो वाडगा माझा नाही, हिचा आहे."

"हो का? काकू, फार सुंदर आहे हो," मॅडम अगदी मनापासून म्हणाल्या, आणि तितक्याच हळुवारपणे त्यांनी तो खोक्यातून काढून टेबलावर ठेवला. "पण प्रदर्शन सरांचं आहे ना." त्याच्या जागी सरांचं एक तपकिरी भांडं गेलं.

गाडी गेल्यावर चित्रकार बुचकळ्यात पडले. "मी तुझं नाव घेतलं, आणि तू चेहरा पाडून बसलीस?"

"नाव मागितलं होतं कुणी? मला त्या वाडग्याला पाठवायचं होतं."

खोटं बोलणं नवऱ्याला जन्मात जमलं नव्हतं, हे काकूंना माहीत होतं. तरीही राग यायचा तो आलाच.

चित्रकारांनी वाडगा दोन्ही हातांनी उचलला, खिडकीशी नेला. इतकी वर्षं त्यातून लिंबं उचलली होती, पाहिला आजच. पाठमोरेच ते म्हणाले, "माझी भांडीही परत मागवू का?"

"नको," काकू म्हणाल्या. "ती तरी जाऊ देत."