एका बिटाचं घर

माझ्या टेबलावरचा प्रोसेसर एका वेळी एकच गोष्ट लक्षात ठेवतो. मंगळवारी सकाळी तो सुरू झाला, आणि तेव्हापासून आमच्या घरात माझ्याखेरीज एका वेळी एकच माणूस असतं.

बाकीचे प्रोसेसर आठ, सोळा, बत्तीस बिटांचे असतात. हा एकाच बिटाचा, म्हणजे एक किंवा शून्य, एवढंच. असे आता बनत नाहीत. मी सांगलीत तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. हा शोधण्यात माझी चार वर्षं गेली. शेवटी मिरजेत जुने सुटे भाग विकणाऱ्या शेवड्यांच्या डब्यात सापडला. त्याला जोडलेला लाल दिवा लागला तेव्हा मी हेमांगीला, माझ्या बायकोला, हाक मारली.

"छान," ती म्हणाली आणि पोळ्या करायला गेली.

साडेबाराला आमची इरा शाळेतून आली. तिनं उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं आणि लाटण्याचा आवाज थांबला. स्वयंपाकघरात कोणी नव्हतं. तव्यावरची पोळी करपत होती. मी गॅस बंद केला.

"आई कुठंय?"

"तू आलीस ना," मी म्हणालो.

इरानं मान डोलावली आणि हात धुतले.

पाचला ती खेळायला गेली, तर हेमांगी पोळपाटापाशी उभी, समोर तीच अर्धी लाटलेली पोळी. "अहो, इरा अजून कशी आली नाही?"

"येऊन गेली."

ती खाली बसली.

बुधवारी मी इराला फाटकाबाहेर उभं केलं आणि हेमांगीला तिच्याकडे जायला सांगितलं. हेमांगीनं पाऊल बाहेर टाकलं मात्र, रस्ता रिकामा झाला. इरा घरात होती, कोपऱ्याकडे तोंड करून रडत होती. मग दोघी एकमेकींना चिठ्ठ्या लिहू लागल्या. एकीनं लिहिलं की दुसरीचा कागद कोरा व्हायचा.

गुरुवारी मी प्रोसेसरची बॅटरी काढली. दोघीही गेल्या. मी प्रत्येक खोलीत हाका मारल्या, कपाटं उघडली. बॅटरी परत लावली तेव्हा इरा आली. तिचे हात गार पडले होते.

"बाबा, परत असं नको करू," ती म्हणाली.

मी शेवड्यांना फोन करून सगळं सांगितलं. "आणखी एक चिप आहे का?"

"ती शेवटचीच होती," ते म्हणाले. "वेग वाढवून बघा. दिवा फार भरभर उघडझाप करायला लागला की सलग पेटल्यासारखा दिसतो."

शनिवारी दुपारी मी वेगाची कळ फिरवायला लागलो. आधी हेमांगी, मग इरा, मग हेमांगी, श्वासाश्वासाला. आणखी फिरवली. हळूहळू दोघी एकदम दिसू लागल्या, दिवाणखान्याच्या मधोमध, समोरासमोर. दोघीही फिक्या, निम्म्या उजेडाच्या.

"इरा समोरच आहे," मी हेमांगीला सांगितलं. "हात पुढं कर."

"मला कोणी दिसत नाही हो."

"तरी कर."

तिनं हात पसरले. इरानंही पसरले. कळ सोडली की मागे फिरत होती, म्हणून मी ती घट्ट धरून ठेवली. दोघी एक-एक पाऊल पुढं आल्या, एकमेकींच्या आत आल्या, आणि चारही हात मिटले, आपापल्याच छातीवर.